कुणाचं उभं हाय का?

"बाय, चावलं," जाऊ म्हणाली.

ती बांधावर बसली होती, उजवा पाय पुढे पसरून. विळा अजून हातातच होता. घोट्याच्या वर दोन ठिपके होते आणि त्यांतून रक्त येत होतं. थांबत नव्हतं. तिच्यापासून तीन हातांवर, आडव्या पडलेल्या भातात, मनगटाएवढी जाड घोणस वेटोळं करून कुकरच्या शिट्टीसारखी फुसफुसत होती. घोणस चावून लगेच पळत नाही. बसून राहते.

चार वाजले असतील. ऊन होतं. माझी म्हैस जावेच्याच खाचरात तोंड घालून न कापलेलं भात खात होती, तिला आणायला मी गेले होते. गावातली आणखी सात-आठ गुरं त्याच खाचरात होती. जावेनं सकाळपासून त्यांना हाकलून हाकलून भात कापलं होतं, आणि हाकलून झालं की गुरं परत येत होती.

 मी म्हशीच्या पाठीत काठी घातली आणि तिला घराकडे वळवलं.

"बाय!" मागून हाक आली. मी चालत राहिले. मग ती ओरडली, "बाय गं, माझ्याशी नको बोलू! पण कुणाला तरी सांग!"

मी कुणाला सांगितलं नाही. हे आधीच लिहून ठेवते, म्हणजे पुढे वाचताना माझ्याबद्दल कुणी काही चांगलं धरून बसणार नाही.

जाऊ म्हणजे माझ्या धाकट्या दिराची बायको. आमचं घर एकच, मधे भिंत घालून दोन केलेलं. भिंत एकेरी विटेची आणि वर कौलांपर्यंत पोचलेली नाही, म्हणून पलीकडे मिरचीची फोडणी पडली की इकडे खोकला येतो. माझा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. माझ्या भागात मी, मुलगा आणि सून. पलीकडे दीर आणि जाऊ. त्यांचा मुलगा भिसेगावात खोली घेऊन राहतो आणि रसायनीच्या एका कंपनीत पाळीनं कामाला जातो.

आमच्या गावात भात एकट्यानं कापत नाहीत. सावड असते. आज माझ्या खाचरात सगळ्या घरांचे विळे, उद्या दुसऱ्याच्या, परवा तिसऱ्याच्या. एका घरचा एक विळा म्हणजे एक माणूस. लावणीलाही तसंच. सावडीत मजुरी नसते. तू माझ्याकडे वाकलीस, मी तुझ्याकडे वाकणार, एवढंच. मी लग्न होऊन आले तेव्हापासून ह्या गावातलं असं एकही खाचर नाही जिथं माझी कंबर दुखली नाही.

कापणी झाली, भारे खळ्यावर गेले, की रान मोकळं करायचं. पावसाचे चार महिने गुरं बांधावर दोरीनं धरून चारायची किंवा गवत कापून आणून घालायचं, आणि मग एका दिवशी सगळ्या गावानं एकदम दावी सोडायची. गुरं खुशाल कापलेल्या खाचरांत हिंडतात, खुंट खातात, शेण टाकतात. पण त्याआधी देवळापुढे सगळे जमतात. बायकाही जातात, कारण गुरांचं सगळं बायकांच्याच अंगावर असतं. गावकीचा म्होरक्या तीनदा विचारतो, "कुणाचं उभं हाय का?"

आता ह्यात एक रिवाज आहे. आपलं भात कापायचं राहिलं असं आपण स्वतः सांगायचं नाही. ते नाचक्कीचं असतं. ते भाऊबंदानं सांगायचं. "अमक्याचं दोन खाचरं उभं हाय," असं कुणी म्हटलं की त्या दिवशी गुरं सुटत नाहीत. दुसऱ्या दिवशी सगळे विळे त्याच्याकडे जातात, दुपारपर्यंत उरकतात, आणि मग रान मोकळं होतं. सासू गेल्यापासून आमच्या दोन्ही घरांचं उत्तर मी देत आले. एकदा दिराला टायफॉइड झाला होता तेव्हा मीच म्हटलं होतं, "धाकट्याचं सगळंच उभं हाय." सत्तावीस विळे आले होते.

मग त्यांनी यंत्र आणलं.

भात कापायची ती मोठी गाडी घाटावरून येते. आमच्या गावकीनं ठरवलं होतं की यंत्र आणायचं नाही. यंत्र पेंढ्याचा भुगा करतं, मग गुरांनी खायचं काय. आणि ज्याचं यंत्रानं झालं तो दुसऱ्याकडे विळा कशाला पाठवेल, हे सगळ्यांना कळत होतं. दिराला पण कळत होतं. त्यानं लावणी आम्हा सगळ्यांकडून करून घेतली. गुडघाभर चिखलात दीड दिवस आम्ही त्याची रोपं लावली. कापणीला पुतण्यानं परस्पर यंत्र पाठवून दिलं. ते माझ्या खाचरातून नेलं, तिथं रुतलं, दोन बांध फोडले. तरी दोन तासांत त्यांचं सगळं भात पोत्यांत भरून रस्त्यावर.

मी तेव्हा शेजारच्या खाचरात सावडीत होते, कमरेत वाकलेली. जाऊ रस्त्यावर उभी होती, यंत्रवाल्यासाठी आणलेली थंड्याची बाटली हातात धरून. मला म्हणाली, "बाय, तू बस विळा घासत! आमचं दोन तासांत झालं!"

बायका हसल्या. माझ्याच रांगेतल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरचा विळा आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. दिराचा गुडघा दुखतो म्हणून निरोप आला. मग जावेला काय झालं, तर म्हणे, "आमचं झालंय, आता कशाला कंबर मोडून घेऊ?"

गावकी बसली आणि त्यांना वाळीत टाकलं. ह्याविरुद्ध कायदा आहे हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून कुणी लिहीत नाही आणि जाहीरही करत नाही. फक्त बोलणं थांबतं. सावड नाही, हळदीकुंकू नाही, विस्तव नाही, मीठ नाही. जो बोलेल तोही बाहेर. माझा मुलगा बैठकीहून आला आणि म्हणाला, "आई, काका-काकीशी आता बोलायचं नाय." मी म्हटलं, "नाय बोलत."

मला जड गेलं नाही. लोक असं काही लिहिताना आपल्याला किती जड गेलं ते लिहितात. मला तिचं ते बाटली धरून हसणं आठवायचं आणि बरं वाटायचं.

सुरुवातीला ती भिंतीपलीकडून बोलून बघायची. "बाय, विरजण हाय का गं थोडं?" मी टीव्हीचा आवाज वाढवायचे. सून एकदा म्हणाली, "आई, किती मोठा करता, कान फुटतील." मी म्हटलं, "फुटू दे." जावेची कोंबडी कौलांखालून येऊन माझ्या माळ्यावर अंडी घालायची. ती अंडी मी वर्षभर खाल्ली. संक्रांतीला सगळ्या दारी तिळगूळ वाटला आणि तिच्या दारासमोरून पुढे गेले. ती दारात उभी होती, हातात तिचीही वाटी घेऊन. काही दिवसांनी ती बोलायची थांबली. मग भिंतीपलीकडून फक्त भांड्यांचा आवाज यायचा.

पुढच्या पावसाळ्यात दोघांनीच लावणी केली. तीनच खाचरं लावून झाली, बाकीची पडीक राहिली. यंत्र यायचं तर कुणाच्या तरी खाचरातून यावं लागतं, आणि वाटेत सगळ्यांनी काट्या टाकून ठेवल्या होत्या. मी पण टाकल्या. डोंगराच्या पायथ्याला आदिवासींची वाडी आहे, तिथली माणसं मजुरीला येतात. त्यांनाही सांगितलं की त्या घरी कामाला गेलात तर आमच्या रानातलं लाकूड बंद. ती माणसं कळंबकडच्या फार्महाउसवर कामाला जायला लागली.

कोजागिरीनंतर पाऊस पडला, दोन दिवस, वाऱ्यासकट. सगळ्या गावाचं भात झोपलं. आमचं आम्ही सावडीनं तीन-चार दिवसांत उचललं. झोपलेलं भात कापताना आधी काठीनं झोडपत पुढे जायचं असतं. खाली उंदीर असतात, उंदरांमागे साप. वीस-पंचवीस माणसं रांगेनं ओरडत, गप्पा मारत निघाली की साप पुढच्या पुढे निघून जातो. इतकी वर्षं सावडीत कुणाला साप चावल्याचं मला आठवत नाही. ते दोघं मात्र गप्पपणे कापत होते. ती कापायची, तो लंगडत भारा खळ्यावर नेऊन टाकायचा.

रान मोकळं करायचा दिवस आला तेव्हा त्यांचं एक खाचर कापून झालं होतं, दोन उभी होती. उभी कसली, आडवी.

सकाळी देवळापुढे जमलो. देऊळ उंचावर आहे, तिथून सगळं रान दिसतं. त्या दोघांच्या वाकलेल्या पाठी दिसत होत्या, एक लाल, एक पांढरी. कुणी तिकडे बघत नव्हतं, म्हणजे सगळे बघत होते.

बायकांची मस्करी चालली होती. "माझी म्हस पहाटेपासनं ओरडतेय, हिला कुणी सांगितलं गं आज सोडणार म्हणून?"

"तुझ्या म्हशीला पंचांग कळतं."

"म्हशीला कळतं, हिच्या नवऱ्याला नाय कळत!"

मी पण हसले. मग म्होरक्यानं नारळ फोडला आणि विचारलं, "कुणाचं उभं हाय का?"

कुणी बोललं नाही.

"कुणाचं उभं हाय का?"

एक म्हातारा खोकला. म्होरक्या माझ्याकडे बघून म्हणाला, "मोठ्या वैनी, तुमच्या बाजूचं?"

त्यानं मला वाट करून दिली होती, हे मला तेव्हाही कळलं. मी फक्त म्हणायचं होतं, "धाकट्याचं दोन खाचरं उभं हाय." मला कुणी बाहेर काढलं नसतं. उत्तर द्यायचा मान माझा होता, रिवाज होता. फार तर कुणी तोंड वाकडं केलं असतं आणि दुपारपर्यंत विळे त्या खाचरात गेले असते. ती तीन वेळा विचारायची पद्धत बहुतेक माझ्यासारख्यांसाठीच कुणीतरी घालून ठेवली असेल.

मी म्हटलं, "आमचं झालं."

त्यानं तिसऱ्यांदा विचारलं, पण ते नुसतं विचारायचं म्हणून. मग सगळी दावी सुटली.

लोक म्हणतात, भीतीपोटी माणूस गप्प बसतो. मला थोडी भीती होती, नाही असं नाही. पण त्याहून जास्त मला बघायचं होतं. ती बाटली धरून रस्त्यावर उभी होती तसं आता ती काय करते, ते.

ती काय करते ते दिसलं. गुरं खुंटांकडे गेलीच नाहीत. दाणे भरलेलं भात सोडून खुंट कोण खाईल? ती काठी घेऊन धावत होती, ह्या टोकाला हाकललं की त्या टोकाला गुरं घुसायची. मग तिनं काठी टाकली आणि नुसती कापत सुटली. जेवढं हाती लागेल तेवढं. झोडपायचं नाही, बघायचं नाही, डाव्या हातानं मूठ धरायची आणि विळा ओढायचा. दुपारी चारला पाय पडला तो घोणशीवर.

आता पुढचं.

मी म्हैस घेऊन घरी आले. तिला बांधलं. ओट्यावर बसून सूप घेतलं आणि रात्रीचे तांदूळ पाखडायला लागले. अर्धा तास झाला असेल. दीर रस्त्यानं आला, लंगडत पळत. माझ्या ओट्यापुढे थांबला. वर्षभरात पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघून बोलला.

"वैनी, तिला चावलंय. घोणस."

मी सुपात बघत राहिले. मला त्याच्या श्वासाचा आवाज येत होता. त्यानं थोडा वेळ वाट पाहिली, दारात उभं राहून माणूस आतून कुणी येतंय का बघतो तशी, आणि मग समोरच्या टेंपोवाल्याच्या दारात गेला.

"टेंपो काढ रं. बाबा, हात जोडतो."

टेंपोवाला बाहेर आला. वयानं त्याच्या मुलाएवढा. त्यानं दिराकडे बघितलं नाही. समोरच्या विजेच्या खांबाकडे बघून म्हणाला, "कुणाला टेंपो पायजे असंल तर त्यानं जरा थांबावं. मी इचारून येतो."

तो देवळाच्या पायऱ्यांवर गेला. तिथं पाच जण बसले होते. दीर त्याच्या मागोमाग गेला आणि दहा पावलांवर उभा राहिला. माझ्या ओट्यावरून सगळं ऐकू येत होतं.

"आजारपणाला बंदी नसती," एक म्हणाला.

"चावलंय. हे आजारपण नाय, अपघात हाय."

"म्होरक्याला फोन लाव."

"तो कर्जतला गेलाय. लागत नाय."

"टेंपोत घेतलं की बोलावं लागंल."

"गप बसून ने की."

"गप बसून कसा नेणार? कुठल्या दवाखान्यात जायचं हे तरी इचारावं लागंल का नाय?"

"त्याच्या पोराला फोन लावायला सांग."

"कोण सांगणार? तू सांगतोस?"

दीर तिथं उभा होता. त्याचा मोबाइल घरी चार्जिंगला होता, हे त्याच्या लक्षात आलं नसावं, किंवा येऊनही पाय निघत नसावा. तो फक्त त्यांच्या तोंडांकडे बघत होता, एकामागून एक. सूर्य डोंगराला टेकेपर्यंत हे चाललं. पाचही जण वाईट नव्हते. त्यातल्या दोघांनी माझ्या नवऱ्याला खांदा दिला होता.

तिकडे वाडीवरची एक बाई लाकडाची मोळी घेऊन बांधावरून चालली होती. तिनं जावेला बघितलं. जावेनं पदर फाडून पोटरीला घट्ट आवळून बांधला होता. आमच्याकडे तसंच करतात. नंतर डॉक्टरनं सांगितलं, बांधायचं नसतं. मोळी तिथंच टाकून ती बाई मोठ्या वाटेला गेली. तिचा नवरा फार्महाउसवरचं काम संपवून मोटरसायकलनं परत येत होता. दोघांनी जावेला मधे बसवलं, पुढे तो, मागे ती बाई तिला कवटाळून, आणि गावातून निघाले. दुसरा रस्ता नाही.

देवळापाशी त्यानं गाडी हळू केली. दिराला म्हणाला, "म्हाताऱ्या, मागनं ये. कर्जतला."

पायऱ्यांवरून एकानं आवाज दिला, "ए, तुला कुणी सांगितलं रं मधी पडायला? तुमालाबी बंद करू!"

तो मोठ्यानं हसला. "आमाला? आमी कवा आत होतो?"

गाडी माझ्या ओट्यासमोरून गेली. जावेच्या हिरड्यांतून रक्त येत होतं, हनुवटीपर्यंत. तिनं मला बघितलं. माझ्या हातात सूप होतं. गाडी गेली.

मग टेंपोवाला येऊन उभा राहिला आणि विजेच्या खांबाला म्हणाला, "आता कुणाला जायचं असंल तर सोडतो. बाई गेली, आता हरकत नाय." दीर हमरस्त्याकडे चालू लागला, घरी मोबाइल घ्यायलाही गेला नाही. तिथून सहा आसनी रिक्षा मिळाली त्याला.

त्या रात्री सुनेनं विचारलं, "आई, तुमी म्हस आणायला गेल्या होत्या तेव्हा काकी दिसली नाय का?" मी म्हटलं, "नाय." सून ताटं उचलायला लागली. ती पण ह्याच गावात राहते.

कर्जतला सरकारी दवाखान्यात लस होती, ती टोचली. मग पुढे मोठ्या दवाखान्यात पाठवलं. उशीर झाला होता. लघवी बंद पडली, मग लाल झाली. तिचं रक्त यंत्रावर घालून धुतलं, एकदा नाही, दिवसाआड. पायाची दोन बोटं काळी पडली, ती कापली. सगळं मला मुलाकडून कळायचं आणि त्याला दुसऱ्याकडून, कारण आम्ही विचारू शकत नव्हतो.

गुरांनी दोन खाचरं दोन दिवसांत साफ केली. माझ्या म्हशीनं दुसऱ्या सकाळपासून अर्धा लिटर दूध जास्त दिलं. आठ दिवस देत होती.

गावात आता दुसऱ्या प्रकारची भीती आली. दवाखान्यात पोलीस जबाब घेतात, हे सगळ्यांना माहीत होतं. माणसं एकमेकांना विचारत होती, तू कुठं होतास, मी कुठं होतो. पायऱ्यांवरचे पाच जण त्या दिवशी पायऱ्यांवर नव्हतेच, असं आठ दिवसांत ठरून गेलं. म्होरक्या माझ्याकडे आला. "वैनी, मी तुमाला इचारलं होतं," म्हणाला. "इचारलं होतं ना?" मी म्हटलं, "तीनदा." तो गेला. तेवढंच त्याला हवं होतं.

मग एका दुपारी पुतण्या आला. भांडायला येईल असं मला वाटत होतं, पण तो दारात उभा राहिला, आत आला नाही. हातात मोबाइल.

"मोठी आय, आईनं जबाबात काय सांगितलं ऐकायचंय?"

मी बोलले नाही. बंदी अजून होती.

"पोलिसानं इचारलं, चावलं तेव्हा जवळ कोण होतं? मी तिच्या बाजूलाच होतो. मला वाटलं तुमचं नाव घेईल. मला पायजेच होतं घ्यायला." त्यानं मोबाइलवरून वाचून दाखवल्यासारखं केलं, पण बघत माझ्याकडे होता. "आई म्हणाली, म्हशी होत्या. माणूस कुणी नव्हतं."

सून चुलीपाशी थांबली. मला तिची पाठ दिसत होती.

"बरोबर हाय," मी म्हटलं.

पुतण्या हसला, वाईट हसला. "बोललात की! आता तुमालाबी काढतील हां."

कुणी काढलं नाही. काढायला कुणाच्या अंगात जोर उरला नव्हता. पुतण्याला तक्रार करायची होती, पण दिरानं करू दिली नाही. "मला तिथंच ऱ्हायचंय," म्हणाला. बावीस दिवसांनी जावेला घरी आणलं तेव्हा म्होरक्या नारळ घेऊन तिच्या ओट्यावर गेला आणि झालं गेलं विसरा म्हणाला. दुसऱ्या सकाळी बायका तिच्याशी बोलायला लागल्या. नळाला पाणी यावं तसं. कुणी भाकरी नेल्या, कुणी नारळाचं पाणी. तिला पथ्य होतं, नारळाचं पाणी चालत नव्हतं. तिनं ते घेऊन बाजूला ठेवलं.

मी गेले नाही. काय न्यायचं, कळलं नाही. माफी मागितली नाही. मागून काय होणार होतं? बोटं गेली ती गेली.

पुढच्या वर्षी यंत्र आलं. म्होरक्यानंच आणलं. गावकी बसली आणि सगळ्यांनीच यंत्र लावायचं असं ठरलं, कारण तरण्या माणसांना आता सावडीला वेळ नसतो, आणि खरंच नसतो. वाटेतल्या काट्या ज्यानं त्यानं उचलल्या. मी माझ्या उचलल्या. दोन दिवसांत सगळ्या गावाचं भात कापून झालं. माझं खाचर पाऊण तासात. पेंढ्याचा भुगा झाला, तो कुणी गोळा केला नाही. मग गुरं ठेवून काय करायचं म्हणून लोकांनी विकली. मीही म्हैस विकली. रान मोकळं करायला आता काही उरलं नाही, म्हणून देवळापुढे कुणी जमलं नाही.

यंत्र निघून गेलं त्या संध्याकाळी आम्ही बायका रस्त्यावर उभ्या होतो, काम नसल्यासारख्या. जाऊ तिच्या ओट्यावर बसली होती, पाय खुर्चीवर ठेवून. काठीनं चालते आता. घरी आल्यापासून ती सगळ्यांशी बोलत होती, माझ्याशी सोडून. तिनं कापलेल्या रानाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "बाय, कुणाचं उभं हाय का गं?"

 एकीनं उगाच पोराला हाक मारली.

"नाय," मी म्हटलं.

"बघ नीट."

मी बघितलं. डोंगरापर्यंत सगळं कापलेलं होतं.

"नाय."

तिनं तिसऱ्यांदा विचारलं नाही. काठी घेतली, उठली आणि आत गेली. थोड्या वेळानं भिंतीपलीकडून फोडणीचा वास आला आणि मला खोकला आला. ती अजून तिथंच राहते. दर सहा महिन्यांनी रक्त तपासायला जाते. ती जगली. दीर जगला. मी जगले.